नारळ राहिलेली कॅसेट

काशीमास्तरांची कवळी अजून माझ्याकडे आहे. दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात, प्लास्टरच्या साच्यांच्या शेजारी, पाण्याच्या डबीत. नवा पेशंट खुर्चीत टेकला की त्याची नजर हमखास तिकडे जाते आणि तो विचारतो, "डॉक्टर, कुणीतरी विसरलं वाटतं?" मी म्हणते, "विसरलं नाही, ठेवायला दिलंय." त्यानं त्याचं समाधान होत नाही, पण तोवर मी त्याच्या तोंडात आरसा घातलेला असतो, त्यामुळे पुढचा प्रश्न येत नाही.

श्रीवर्धनला दातांचा दवाखाना चालवताना मी किती कवळ्या बसवल्या त्याला गणती नाही. लोकांना कवळी हवी असते ती भाकरी चावायला, नातवाच्या लग्नाच्या फोटोत हसायला, नाहीतर सुनेनं केलेलं मटण खाऊन त्याला नावं ठेवायला. काशीमास्तर हा एकच माणूस मला असा भेटला, की ज्यानं खुर्चीत बसता बसता सांगितलं, "डाक्तरबाई, खायाचं माजं काय अडत न्हाय. मना वाजवायचे दात पायजेत."

काशीमास्तर म्हणजे काशिनाथ चोगले, आमच्या कोळीवाड्यातले. सॅक्सोफोन वाजवायचे. उंचीनं बेताचे, रंगानं पक्के, छाती मात्र अशी की शर्टाचं दुसरं बटण कायम उघडं. मुंबईला मासळी घेऊन जाणाऱ्या मामाच्या होडीतून ते लहानपणी गेले आणि परतीच्या वेळी होडीत बसलेच नाहीत, एवढं नक्की. माझगावात एका गोवेकर बँडमास्तरांच्या हाताखाली वाजवायला शिकले, मग एका मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्या पार्टीत लागले. पुढे ती पार्टी मोडली आणि मास्तर सॅक्सोफोन घेऊन गावी परतले. मधल्या काळाबद्दल विचारलं की दर वेळी नवी हकिकत मिळायची, त्यामुळे त्यांचं चरित्र लिहायच्या भानगडीत मी पडत नाही.

हॉटेलातली एक हकिकत मात्र कधी बदलली नाही. माणसं जोडीजोडीनं नाचत होती. मास्तरांनी डोळे मिटले आणि एक ओळ धरली. ती ओळ त्यांना कुठच्या कुठे घेऊन गेली. डोळे उघडून पाहतात तो नाचणारे सगळे आपापल्या टेबलाशी जाऊन बसलेले, आणि चिडीचूप. मॅनेजर लालबुंद झाला, कारण नाचायला आलेल्यांना बसवणं हे काही त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. गोवेकर गुरुजी मात्र कानाशी येऊन म्हणाले, "काशी, तू लोकांना नाचवायचं सोड. तुझं वाजवणं देवळातलं आहे."

"मंग?" मी विचारायची. त्यांच्याशी बोलताना मीही 'मंग' म्हणायला लागले होते.

"मंग काय? आमचं देऊळ ह्ये," असं म्हणून ते समुद्राकडे हात करायचे.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते माणगावला, आमच्या गावी, आतेबहिणीच्या लग्नात. मी शाळेत होते. नवरा मुलगा श्रीवर्धनकडचा, म्हणून वरातीचा बँडही तिकडचाच. लाल कोट, सोनेरी झालर, नेहमीची नाचाची गाणी. आम्ही कार्यालयाच्या दारात ओवाळायचं ताट घेऊन उभे, आणि वरात भर चौकात अडकलेली. शेवटी आत्याचे यजमान बघायला गेले, आणि त्यांच्यामागून मी. पाहते तो घोडा थांबलेला, नाचणारी पोरं गोंधळून उभी, आणि सगळ्यांच्या पुढे सॅक्सोफोनवाला डोळे मिटून वाजवतोय. गाणं तेच होतं, पण त्यातली एकच ओळ त्यानं धरली होती. ती फिरवून बघत होता, उलटवून बघत होता, पार खाली नेत होता आणि तिथून वर भिरकावत होता. बाकीचे बँडवाले वाद्यं खाली करून स्वस्थ उभे, त्यांना हे नवीन नसावं.

आत्याच्या यजमानांनी हात जोडले. "मास्तर, मुहूर्त जातोय हो!"

मास्तरांनी एक डोळा उघडला, मान हलवली, आणखी एक फेरी मारली आणि मग वाद्यावरून ओठ काढून म्हणाले, "आलो, आलो. हिला घराकडं सोडतो अन् येतोच."

हिला म्हणजे त्या ओळीला. आणि खरंच, पुढच्या दोन श्वासांत ती ओळ अशी सुखरूप घरी येऊन टेकली की मुहूर्ताच्या काळजीनं रडकुंडीला आलेले आत्याचे यजमान "वा!" म्हणून गेले. मुहूर्त टळला की नाही हा आमच्या घरात अजून वाद आहे. बहिणीचं उत्तम चाललंय, तेव्हा टळला नसावा.

पुढे मी दवाखाना टाकला तो श्रीवर्धनला, आणि सुरुवातीच्याच दिवसांत एक गृहस्थ वरचा पुढचा दात बोटानं हलवत आत आले. ओठांवरून ओळखलं मी. ओठांवरून माणूस ओळखण्याचा धंदाच आहे आमचा. मी त्यांना माणगावच्या चौकाची आठवण करून दिली तर त्यांना काहीच आठवेना. "तसं पुष्कळ चौकांत झालंय," म्हणाले. मग तोंड उघडून बोट लावून दाखवलं. "बाकीचे काढायचे ते काढा. ह्यो तेवडा ठेवा. ह्यावर माजं सगळं हाय."

सॅक्सोफोन वाजवणारा वरचे पुढचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवतो आणि खालचा ओठ रीडखाली, म्हणजे तिथल्या वेताच्या पट्टीखाली घेतो. दात घसरू नयेत म्हणून मास्तरांनी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता आणि त्या रबरावर त्या दाताचा नेमका खळगा पडला होता. तो दात मी पुष्कळ जपला. हिरड्यांची औषधं, साफसफाई, शेजारच्या दाताला तारेनं बांधणं, काय काय केलं. त्या निमित्तानं ते येत राहिले आणि मी त्यांना ऐकत राहिले.

सरावाची त्यांची वेळ घड्याळावर नव्हती, ओहोटीवर होती. पाणी लांब गेलं की चपला किनाऱ्यावर काढून ओल्या वाळूत अनवाणी उभे राहायचे, तोंड दर्याकडे. भरतीला कधी वाद्याला हात नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "भरतीला तो बोलतो, तवा आपन ऐकायचं. ओहोटीला त्याला ऐकायला वेळ असतो." सुकट वाळत घालणाऱ्या बायकांना त्यांच्या वाजवण्यावरून पाण्याचा अंदाज यायचा. त्यांची बायको, पार्वतीकाकू, बाजारात मासळी विकायची. तिचा आवाज असा की गिऱ्हाईक पापलेट घ्यायचं ठरवून आलेलं असलं तरी सुरमई घेऊन जायचं. ती म्हणायची, "यांना कसला आलाय अंदाज? पानी फिरून गुडघ्याला लागतं तरी यांना पत्ता न्हाय. मीच हाका मारते."

छपराखाली मास्तर शक्यतो वाजवत नसत. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे, "घेतलं वारं की दिलं पायजे." कुणी शिंकलं की म्हणायचे, कुणी चिक्कूपणा केला की म्हणायचे, इंजेक्शनच्या आधी मी "श्वास रोखू नका" म्हटलं की मलाही तेच ऐकवायचे.

जॅझ म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं. मला वाटलं होतं त्याहून सोपं उत्तर मिळालं. "आपला बुवा भजनात एकच ओळ घेऊन बसतो ना घोळवत? तसंच हाय. होडी किती लांब जाऊ दे, तांडेलाच्या डोक्यात बंदर असतं. बंदर इसरला तर तो वाट चुकला. अन् बंदर सोडलंच न्हाय, तर मासळी कुठनं गावंल?"

शेवटी तो दातही गेला. मीच काढला. त्यांनी तो रुमालात बांधून घेतला, सॅक्सोफोन पार्वतीकाकूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "झालं." मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण खरं सांगायचं तर मला राग आला. हिरड्यांच्या रोगाचा एवढा राग मला आजवर कधी आला नव्हता. बँडमध्ये दुसरा सॅक्सोफोनवाला आला, तो ठरलेल्या वेळी ठरलेलं गाणं वाजवायचा आणि कुणाचाही मुहूर्त अडत नव्हता. ओहोट्या येत होत्या, जात होत्या. काही वर्षं अशीच गेली.

आणि मग एका थंडीत मुंबईहून नुपूर नावाची मुलगी आली.

जुन्या टेपा शोधून त्यांच्या नव्यानं रेकॉर्डी काढायच्या, पूर्वीसारख्या काळ्या तबकड्या, हे तिचं आणि तिच्या दोन मित्रांचं काम. किनाऱ्यावरच्या लग्नाच्या गाण्यांच्या शोधात ती आमच्या अनंता लाऊडस्पीकरवाल्याकडे पोचली. अनंता जातीनं कोळी, घरची एक होडी, आणि जोडीला मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा. गावात जे जे माईकवर झालं ते ते त्यानं कॅसेटवर भरून ठेवलेलं. नुपूरनं त्याच्या खोक्यातली एक कॅसेट लावली आणि तशीच उठून, चपला घालायला विसरून, "हे कोण वाजवतंय? हा माणूस आहे का? कुठे राहतो?" असं ओरडत कोळीवाड्यात धावली. तिला वाट दाखवायला अनंता मागून धावला आणि वाटेत त्यानं मलाही दवाखान्यातून उठवलं. पेशंट नव्हता, म्हणून बरं.

ती कॅसेट मी श्रीवर्धनला येण्याआधीच्या एका नारळी पौर्णिमेची होती. त्या वर्षी मिरवणुकीला मुरूडकडचा मोठा बँड ठरला होता. पण दर्या खवळला, दिघीची फेरीबोट बंद झाली आणि सगळा बँड पलीकडे आगरदांड्याला अडकून पडला. सोन्याच्या कागदात मढवलेला नारळ तयार, बायका नटून उभ्या, आणि वाजवायला कुणी नाही. मग मास्तर एकटेच पुढे झाले. साथीला फक्त एक ढोलकी. मिरवणूक किनाऱ्यावर आली, माणसं वाळूत बसली, आणि हॉटेलात ज्याला आवरायला लावलं होतं, लग्नात ज्याला घाई केली होती, त्या माणसाला त्या दिवशी कुणी आवरलं नाही. बायकांच्या नारळाच्या गाण्यातली एक ओळ त्यांनी घेतली आणि निघाले.

मी ती कॅसेट त्या दिवशी मास्तरांच्या पडवीत पहिल्यांदा ऐकली. काय सांगू! अंगावर काटा आला, नुसता आला नाही, तसाच राहिला. सूर आहे, त्याच्यामागे वारा आहे, ढोलकी आहे, बायकांच्या टाळ्या आहेत, कुठेतरी एक कुत्रं आहे, आणि सूर या सगळ्यांना बरोबर घेऊन वर वर चाललाय. नुपूर माझा हात घट्ट धरून बसली होती, आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो. मास्तर उंबऱ्याशी बसून दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं तसं ऐकत होते. आता कळस येणार, आता येणार, असं झालं आणि कॅसेटमध्ये पार्वतीकाकूची खणखणीत हाक आली, "अनंता, नारळ! ये बिगी!" पावलांचा आवाज. आणि खट्. पहिली बाजू संपली.

दुसरी बाजू लावली तर त्यात पुढचं होतं. नारळ सुटून गेले आहेत, सूर शांत होऊन घराकडे निघालाय. मधलं नाहीच.

"अनंता, अरे मधलं कुठाय?" मी विचारलं.

अनंतानं मान खाली घातली, पण चुकल्यासारखी नाही. "बाई, आता तुमीच सांगा. नारळ सोडायचा का कॅसेट परतायची? माजी होडी हाय. घरातनं मीच सोडतो नारळ. अन् पुनवेची ओहोटी, पानी पार तिकडं. जाऊन येईस्तोवर कॅसेट गप पडली व्हती."

दुसऱ्या कुठल्या गावचा रेकॉर्डिंगवाला यंत्र सोडून गेला नसता. आमचा गेला. गेला नसता तर कोळीवाड्यात त्याला कुणी तोंड दाखवू दिलं नसतं.

त्या हरवलेल्या वादनाबद्दल कोळीवाड्यात ज्याला विचारावं त्याच्याकडून वेगळं ऐकायला मिळे. कुणी म्हणे पाऊस थांबला, कुणी म्हणे होड्यांवरचे बावटे फिरले. पार्वतीकाकू म्हणाली, "मना काय ठावं? मी नारळाकडं बघत व्हते." आणि खुद्द मास्तर म्हणाले, "मना पन ठावं न्हाय."

नुपूर म्हणाली, हरकत नाही, तबकडीलाही दोन बाजू असतातच, आपण दोन्ही टोकं हळूच जोडून घेऊ, ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. इतक्या उत्साहानं सांगत होती की तिला मास्तरांचा चेहरा दिसला नाही. त्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला. मग म्हणाले, "पोरी, नारळ सोडल्याबिगर होडी लोटत न्हायत."

"म्हणजे?"

"ह्यात नारळच न्हाय. वाट हाय, परत येनं हाय, नारळ न्हाय. अशी न्हाय मी बाहेर पाठवायचा."

तिनं समजावलं, अनंतानं समजावलं, पार्वतीकाकूनं आवाज चढवला. लोकांच्या घरात तुमचं वाजवणं जाईल, दूर देशांत ऐकतील, आणखी काय पाहिजे? मास्तर हलले नाहीत. मला ते पटत होतं आणि छळतही होतं, कारण ती कॅसेट आता किती वर्षं धरणार होती? नुपूर रडवेली होऊन परत निघाली तेव्हा मास्तर माझ्याकडे वळले. "डाक्तरबाई, येत्या नारळी पुनवेला मना दात द्याल? राहिलेला नारळ सोडून टाकतो."

झालं, मला दुसरं काही सुचेना. कवळी म्हणजे हिरडीवर चिकटून बसलेली वाटी. तिच्या पुढच्या दातांवर दाब आला की ती मागून उचलते आणि पडते. खाताना माणूस पुढच्या दातांनी चावत नाही म्हणून निभावतं. इथे तर सगळा भार पुढच्याच दातांवर. मी त्यांना तसं सांगितलं. "अवघड हाय म्हंजे व्हनार," म्हणाले आणि खुर्चीत टेकून आ वासला.

मी साचे घेतले, मोडले, पुन्हा घेतले. पुढचे दात जरा आत सरकवले, कडा सपाट केल्या, मागची बाजू टाळूवर घट्ट बसेल अशी वाढवली. पहिल्या चाचणीला मास्तरांनी दवाखान्यातच वाजवलं, छपराखाली, नाइलाज म्हणून. आवाज असा आला की बाहेर अक्कलदाढेसाठी बसलेला पेशंट उठून घरी गेला आणि पुन्हा आला नाही. दुसऱ्या फुंकरीला वरची कवळी सुटून रीडवर आपटली. आम्ही दोघंही हसून हसून बेजार झालो. तिसऱ्या, चौथ्या खेपेला हसू कमी झालं. ओहोटीला ते किनाऱ्यावर उभे राहायला लागले आणि सुकट घालणाऱ्या बायकांनी कानांवर पदर घेतले. पार्वतीकाकू मला बाजारात म्हणाली, "बाई, ते दात खायाला तरी चालतील का ओ?" पण हळूहळू एक सूर धरायला लागला. मग दोन. एका दुपारी दवाखान्याच्या खिडकीतून मला लांबून पूर्ण ओळ ऐकू आली आणि मी हातातलं काम थांबवून उभी राहिले. पेशंट तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "ऐका, ऐका, माझी कवळी वाजतेय!"

श्रावण आला. नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर लोटला. अनंतानं स्वतःचे कर्णे आणि जुना टेपरेकॉर्डर मांडला होता. मूळ कॅसेटच लावणार, नक्कल नाही, असा त्याचा हट्ट. शेजारी तिवईवर, मुंबईहून पुन्हा आलेल्या नुपूरचं नवं रेकॉर्डिंगचं यंत्र. ते आपोआप चालतं, त्याची बाजू बदलावी लागत नाही, असं तिनं त्याला चारदा सांगितलं, तरी अनंता त्याच्यावर हात ठेवून बसला होता. "मी आज हालनार न्हाय," म्हणाला. बँडही आला होता, पण त्यानं आज मिरवणुकीपुरतंच वाजवायचं ठरलं होतं. पाणी लांब गेलं होतं. मास्तर धुतलेल्या शर्टात, अनवाणी, ओल्या वाळूत उभे राहिले.

कॅसेट सुरू झाली. पूर्वीच्या त्या पौर्णिमेला तिथे असलेले आणि तेव्हा जन्मलेही नव्हते असे, सगळे वाळूत बसून ऐकत होते. सूर चढत चढत गेला, कर्ण्यातून पार्वतीकाकूची हाक आली, "अनंता, नारळ! ये बिगी!" आणि असा हशा उसळला की काकूनं तोंडावर पदर घेतला. अनंतानं आपला नारळ कपाळाला लावला आणि इकडे तिकडे बघून नुपूरच्या हातात दिला. ती बिचारी "मी? मी?" म्हणत राहिली, पण बायकांनी तिला पुढे घेतलं. रेकॉर्डिंगवाली पाण्याकडे निघाली आणि लाऊडस्पीकरवाला यंत्रापाशी राहिला.

खट्.

हशा एकदम विरला. नुसता वारा. मास्तरांनी वाद्य उचललं, छाती भरून घेतली आणि जिथे कॅसेट थांबली होती तो सूर लावला. लागला! कवळी धरून होती. मी इतकी ताठ उभी होते की माझाच जबडा दुखायला लागला. ओळ वर निघाली, आणखी वर, आणि मला लांबूनही दिसलं की वरचा ओठ फुगला. कवळी मागून सुटत होती. सूर फाटला. थांबला.

संपलं, असं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. नारळ हातात घेतलेल्या बायका पाण्याच्या अलीकडे तशाच थांबल्या.

मास्तरांनी शांतपणे वरची कवळी काढली, मग खालची काढली. दोन्ही शर्टाच्या खिशात टाकल्या. दोन्ही ओठ आत घेतले, रीड उघड्या हिरड्यांमध्ये धरलं आणि वाजवायला लागले.

तो आवाज कॅसेटवरचा नव्हता. कॅसेटवरच्या सुराला धार होती. हा जाड होता, ओला होता, निम्मा सूर आणि निम्मं वारं. वर जाताच येत नव्हतं, म्हणून ती ओळ ते खाली खाली घेऊन गेले, इतक्या खाली की मला वाळूतून पायांना जाणवली. पार्वतीकाकूनं पहिला नारळ सोडला. मग सगळ्या पुढे झाल्या. नुपूर साडीवाल्या बायकांमध्ये एकटी पँटवाली, गुडघाभर पाण्यात, अनंताच्या होडीचा नारळ सोडत होती आणि मोठमोठ्यानं रडत होती. मी तर केव्हाच वाळूत बसले होते.

ती रेकॉर्ड निघाली. पहिली बाजू, काकूची हाक, खट्, मग तो हिरड्यांचा सूर, आणि मग पुढची बाजू. मधलं वादन केव्हाचं आहे ते वेष्टनावर वेगळं लिहू का, असं नुपूरनं विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "न्हाय. नारळी पुनव एकच असते." हिरड्या सुजल्या होत्या म्हणून ते पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले होते. मी औषध लावलं. जाताना खिशातून कवळी काढून टेबलावर ठेवली. "ठेवा. लागली तर मागंन." मागितली नाही. पुढच्या थंडीत ते झोपेतच गेले. तबकडी घरी पोचली होती. ती वाजवायचं यंत्र कोळीवाड्यात कुणाकडेच नव्हतं, पण पार्वतीकाकूनं ती देव्हाऱ्यात ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दोन्ही बाजूंनी दाखवायची.

मला मात्र ते दिसतात ते त्या ओहोटीच्या वाळूत. नारळ सुटले होते. अनंतानं कॅसेट परतून लावली आणि कर्ण्यातून धार असलेला जुना सूर आला. मास्तर थोडा वेळ त्याच्याबरोबर वाजवत राहिले, दोघं मिळून त्या ओळीला घराकडे न्यायला लागले. मग त्यांनी ओठ काढले, सॅक्सोफोन गळ्यात लोंबू दिला आणि मान तिरकी करून ऐकत उभे राहिले. पाणी फिरलं होतं, पायाशी यायला लागलं होतं, आणि काकू हाका मारत होती. एकदम वळून त्यांनी गर्दीत मला शोधलं, खिशावर थाप मारली आणि तोंड भरून हसले. त्या हसण्यात माझ्या हातचा एकही दात नव्हता.